शॅडो डॉमच्या आत शैली पोहोचवताना आलेला अनुभव

क्लाउड प्लॅटफॉर्मवरील एका ग्राहक-पोर्टलची मराठी आवृत्ती तयार करताना माहितीच्या कार्डांमधील शीर्षकांचे रफार आणि वेलांट्या वरून कापल्या जात होत्या. कार्डाच्या कंपोनंटमध्ये (पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या तयार भागात) ओळींची उंची १.२ अशी निश्चित केलेली होती आणि उंचीबाहेरचा मजकूर लपवलेला होता. रोमन अक्षरांना हे पुरते, देवनागरीला पुरत नाही.

साइटच्या मुख्य स्टाइलशीटमध्ये, म्हणजे पानांचे रूप ठरवणाऱ्या नियमांच्या फाइलमध्ये, मी उंची वाढवली, पुढे नियमाला प्राधान्य देणारे ‘इम्पॉर्टंट’ही जोडले, तरी काहीच बदलले नाही. कारण कंपोनंट शॅडो डॉममध्ये, म्हणजे उरलेल्या पानापासून वेगळ्या ठेवलेल्या अंतर्गत रचनेत, बंदिस्त होता, आणि बाहेरच्या शीटमधील सिलेक्टर (नियम कोणत्या घटकांसाठी आहे हे सांगणारे भाग) त्या सीमेच्या आतील घटकांना लागू होत नाहीत. फॉन्ट, रंग आणि ओळींची उंची हे गुणधर्म वारशाने आत उतरतात हे खरे. परंतु आतील घटकावर स्वतंत्र नियम लिहिलेला असेल, तर तोच टिकतो.

सुदैवाने कंपोनंट आमचाच होता. सीएसएसची (शैलीचे नियम लिहिण्याच्या भाषेची) कस्टम प्रॉपर्टी, म्हणजे आपण नाव दिलेले व्हेरिएबल, ही सीमा वारशाने ओलांडते, म्हणून १.२ हा आकडा थेट न लिहिता तिथे असे व्हेरिएबल ठेवले, १.२ हे त्याचे पर्यायी मूल्य म्हणून राहू दिले आणि मराठी पानांसाठी पानाच्या मूळ घटकावर त्याला १.६ दिले. सर्व रफार पूर्ण दिसू लागले, आणि इंग्रजी पानांना धक्का लागला नाही.

त्याच सीमेमुळे कार्डाचा कस्टम इव्हेंटही (कार्डात काही घडल्याची आपण ठरवलेली सूचना) पानापर्यंत पोहोचत नव्हता. इव्हेंटला वरच्या घटकांकडे जाऊ देणाऱ्या ‘बबल्स’सोबत, शॅडो डॉमची सीमा ओलांडू देणारे ‘कंपोझ्ड’ही खरे (true) केल्यावर तो पोहोचला.