खेड्यातला जुना पब घेतलाय? भिंतीला हात लावायच्या आधी हे वाचा

इंग्लंडमधल्या खेड्यातला जुना पब चालवायला घेतला की पहिल्याच आठवड्यात डोक्यात येतं, ही मधली भिंत काढली तर काय मस्त मोकळं होईल, चार टेबलं जास्त बसतील, बार काउंटर जरा मागे सरकवू, किचनला तिकडून दार काढू. थांबा. ती भिंतच बहुतेक अख्ख्या पबातली सगळ्यात भानगडीची गोष्ट असते.

आधी पब लिस्टेड आहे का, म्हणजे सरकारने जपायच्या ठरवलेल्या जुन्या इमारतींच्या यादीत आहे का, ते बघा. जुन्या वास्तू बघणारी सरकारी संस्था हिस्टॉरिक इंग्लंड, तिच्या साइटवर ही यादी, नॅशनल हेरिटेज लिस्ट, आहे, फुकट आहे, गावाचं नाव किंवा पोस्टकोड टाकला की सापडतं. ग्रेड वन, ग्रेड टू स्टार आणि ग्रेड टू असे तीन दर्जे, यादीतल्या ९० टक्क्यांहून जास्त इमारती ग्रेड टू, म्हणजे तुमचाही बहुतेक तोच असणार. आता इथे भलेभले फसतात. जुन्या नोंदी चार-पाच ओळींच्या असतात, दगडी बांधकाम, स्लेटचं छप्पर, दोन धुराडी, बस्स, आणि आतलं काहीच लिहिलेलं नसतं, मग लोक म्हणतात आतलं लिस्टेड नाही, करा काय करायचं ते. साफ चूक. ते वर्णन इमारत ओळखू यावी एवढ्यासाठी असतं. ग्रेड टू असला तरी आतली भिंत, जिना, जुन्या तुळया, फायरप्लेस, भिंतीला ठोकलेले बाक, सगळं त्यात आलं. मागच्या अंगणातला तबेला १ जुलै १९४८ च्या आधीचा असेल आणि पबच्याच आवारातला असेल तर बहुतेक तोही आला.

परमिशन दोन वेगळ्या असतात हे डोक्यात फिट करा. लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट, म्हणजे लिस्टेड इमारतीत बदल करायची संमती, वेगळा आणि प्लॅनिंग परमिशन, म्हणजे नेहमीची बांधकामाची परवानगी, वेगळी. फक्त आतली भिंत काढायची तर कन्सेंट पुरतो, बाहेर एक्सटेन्शन काढायचं किंवा किचनचा मोठा धुराडा भिंतीवर चढवायचा तर दोन्ही लागतात. कन्सेंटच्या अर्जाला फी नाही, प्लॅनिंगच्या अर्जाला आहे. पब लिस्टेड नसेल, नुसता कॉन्झर्वेशन एरियात, म्हणजे जुनं रूप जपायच्या भागात, असेल, तर आतल्या बदलांना प्लॅनिंग परमिशन लागत नाही, तेवढं नशीब. जसं होतं तसंच, त्याच मटेरियलने केलेल्या दुरुस्तीला सहसा कन्सेंट लागत नाही, पण चुन्याच्या जागी सिमेंट मारलं तर ती दुरुस्ती राहत नाही, आणि वर ओल आत कोंडून भिंत खराब होते ती वेगळीच.

कन्सेंट न घेता केलं तर? १९९० च्या कायद्याने तो सरळ गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत तुरुंग आणि दंडाला वरची मर्यादाच नाही. आणि काउन्सिलच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेच्या, कारवाईला मुदत नसते, वीस वर्षांनीही नोटीस येऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे आधीच्या मालकाने केलेला उद्योग पूर्ववत करायची नोटीस तुमच्या नावावर येऊ शकते, म्हणून विकत घेतानाच सॉलिसिटरला जुने कन्सेंट मागायला लावा. लिस्टेड नसलेल्यांनीही फार हुरळू नका. लंडनच्या मेडा व्हेलमधला कार्लटन टॅव्हर्न २०१५ मध्ये परवानगी न घेता पाडला, तो लिस्टेडही नव्हता, तरी विटेवर वीट रचून पुन्हा बांधायला लावला आणि २०२१ मध्ये तो परत उघडला.

आता खरं काम, हेरिटेज स्टेटमेंट, म्हणजे इमारतीत जुनं काय आणि तुमच्या बदलाने त्याचं काय होईल हे सांगणारं, अर्जाला जोडायचं टिपण. बहुतेक अर्ज इथेच आपटतात, कारण लोक लिहितात आम्हाला काय पाहिजे ते. काउन्सिलच्या कॉन्झर्वेशन ऑफिसरला, म्हणजे जुन्या इमारती बघणाऱ्या अधिकाऱ्याला, आधी हे ऐकायचं असतं की तुमच्या पबात काय जुनं आहे आणि ते का महत्त्वाचं आहे हे तुम्हाला कळलंय. म्हणून प्रत्येक खोलीत फिरा, फोटो काढा, ही भिंत मूळची की नंतरची ते शोधा, जुने ऑर्डनन्स सर्व्हे नकाशे आणि काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसमधले ब्रुअरीचे प्लॅन बघा. टॅपरूम (साधी बारची खोली) आणि स्नग (छोटी आडोशाची खोली) यांच्यातली भिंत म्हणजे नुसत्या विटा नाहीत, कोण कुठे बसून प्यायचं याचा तो पुरावा आहे, आणि ऑफिसर तिच्यासाठी जीव टाकतो ते यासाठीच. पण तीच भिंत १९७० च्या दशकातली प्लायवूडची निघाली तर सांगा, तुमचं काम निम्मं झालं. सगळी भिंत पाडण्याऐवजी रुंद दार मागा, दोन्ही बाजूंना भिंतीचे तुकडे आणि वरची पट्टी ठेवा म्हणजे मूळ खोल्या कळतात. नवीन टॉयलेट जुनं कोरीवकाम कापून बसवू नका, त्याच्या पुढे उभं करा, उद्या काढलं तरी मागचं जसंच्या तसं राहील असं. अशी परत फिरवता येणारी कामं पटकन पटतात.

पब चालला पाहिजे हा मुद्दाही लिहा, लाजू नका. नियमांत इमारतीचं नुकसान एका बाजूला आणि लोकांचा फायदा दुसऱ्या बाजूला तोलतात, आणि गावातला एकमेव पब चालू राहणं हा फायदाच आहे. पण "धंदा होत नाही" एवढं पुरत नाही, आकडे जोडा.

अर्जाच्या आधी काउन्सिलचा प्री-अ‍ॅप (अर्जापूर्वीचा) सल्ला घ्या, बऱ्याच ठिकाणी त्याला पैसे पडतात पण नंतरचं डोकं दुखणं वाचतं. मग प्लॅनिंग पोर्टल या साइटवरून अर्ज, साधारण ८ आठवडे धरा, प्रत्यक्षात जास्त लागतात. पॅरिश काउन्सिल, म्हणजे गावची पंचायत, मत देते, निर्णय देत नाही, तरी आधीच एकदा जाऊन सगळं सांगून या, गावात बातमी दुसऱ्याकडून कळली की लोक बिथरतात. नकार आला तर अपीलला ६ महिने असतात.

यात विसरली जाणारी कामं म्हणजे बिल्डिंग रेग्युलेशन्स (बांधकामाच्या सुरक्षिततेचे नियम), पब कंपनीचा असेल तर मालकाची लेखी परवानगी, आणि दारू विकायचं लायसन्स. प्रिमायसेस लायसन्सला जोडलेल्या प्लॅनमध्ये बारची जागा दाखवलेली असते, काउंटर हलवलं की तेही बदलून घ्यावं लागतं. छपराला हात लावणार असाल तर वटवाघळं आहेत का तपासा, संध्याकाळी बाहेर पडणारी मोजायचे सर्व्हे साधारण मे ते सप्टेंबर होतात, ऑक्टोबरात जाग आली तर पुढचा उन्हाळा बघत बसायचं.

कन्सेंट मिळाला की अटी वाचा, नुसतं "मंजूर" वाचून नाचू नका. बऱ्याचदा काम सुरू करायच्या आधी गिलाव्याचा नमुना किंवा खिडकीचा तपशील दाखवून मान्य करून घ्यावा लागतो, आणि काम ३ वर्षांत सुरू करायचं असतं. मंजूर ड्रॉइंग साइटवर भिंतीला चिकटवा आणि बिल्डरला बजावून ठेवा की "ही तुळई सडलीय, काढून टाकतो" असं वाटलं तर आधी तुम्हाला फोन, मग तुम्ही ऑफिसरला, तोपर्यंत करवत खाली.