एमएससी पेशींचं कल्चर: पहिल्या वर्षात मला नडलेल्या गोष्टी

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझं काम कागदावर सोपं होतं. नाळेतून काढलेल्या मेसेन्कायमल स्टेम सेल्स, म्हणजे एमएससी, टी पेशींची (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींची) वाढ किती रोखतात ते मोजायचं. पहिल्या प्रयोगात त्यांनी टी पेशींना मस्त दाबलं. दुसऱ्या वेळी दाता तोच, पॅसेज (कितव्यांदा नव्या फ्लास्कमध्ये हलवल्या तो आकडा) तोच, आणि सीएफएसईचा, म्हणजे पेशींचं विभाजन दाखवणाऱ्या रंगाचा, आलेख असा, जणू एमएससी टाकल्याच नव्हत्या.

माझ्या गाइड मॅडमनी आलेख बाजूला ठेवला. "थॉ कधी केलंस?"

"आज सकाळी... म्हणजे प्रयोगाच्याच दिवशी."

दुखणं तिथेच होतं. लिक्विड नायट्रोजनमधून नुकत्याच काढून थॉ केलेल्या, म्हणजे वितळवलेल्या पेशी ट्रायपॅन ब्लूमध्ये (मेलेल्या पेशी ओळखायच्या रंगात) जिवंत दिसतात, पण इंटरफेरॉन-गॅमाला, म्हणजे दाहाचा निरोप देणाऱ्या प्रथिनाला, धड दाद देत नाहीत. एक-दोन दिवस फ्लास्कमध्ये राहिल्या की बऱ्याच सावरतात. पहिल्या वेळी मध्ये रविवार आला होता, म्हणून त्यांना ही विश्रांती आपसूक मिळाली होती!

एमएससी आपणहून कुणाला दाबत नाहीत, आधी त्यांना दाहाची चाहूल लागावी लागते. चेतवलेल्या टी पेशींकडून इंटरफेरॉन-गॅमा आला की मानवी एमएससी आयडीओ नावाचं एन्झाइम बनवतात. ते ट्रिप्टोफॅन संपवून त्याचं कायन्युरेनिन करतं आणि टी पेशींचं विभाजन अडतं. (उंदराच्या एमएससी हेच काम मुख्यतः नायट्रिक ऑक्साइडने करतात. उंदरावरचा पेपर वाचून मानवी पेशींचा प्रोटोकॉल लिहू नका, मी लिहिला होता.) त्यामुळे मीडियम, म्हणजे पेशी वाढवायचा पोषक द्रव, कुठलं याला फार महत्त्व आहे. आरपीएमआय 1640 मध्ये लिटरला 5 मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅन असतं, डीएमईएममध्ये 16. तिप्पट साठा फस्त करायला वेळ लागणारच. हे मला आठ महिन्यांनी उमगलं, तेही कंटाळा आला म्हणून घटकांचा तक्ता चाळताना.

मीडियममध्ये घालायच्या सीरमची (रक्तातल्या द्रवाची) बॅच बदलली की पेशींचा नूर बदलतो. चाचणीत उतरलेली बॅच जमेल तेवढी एकदम घेऊन ठेवा. प्लेटलेट लायसेटमध्ये (फोडलेल्या प्लेटलेट्सच्या अर्कात) पेशी भराभर वाढतात, फ्लास्क बघून जीव सुखावतो, पण वाढ आणि दाबण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही मोजा. जास्त पॅसेजच्या, पसरट झालेल्या पेशींवर तर माझा अजिबात विश्वास नाही.

इंटरफेरॉन आधीच देऊन पेशी 'प्राइम' करा, असं प्रत्येक सीनियर सांगतो. करा की. पण मग त्यांच्यावर एचएलए-डीआर हे पृष्ठभागावरचं प्रथिन दिसू लागतं, आणि आयएससीटी या पेशी-उपचारांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2006 च्या निकषांप्रमाणे एमएससीवर ते नसायला हवं. ओळख पटवणारा फ्लो (पेशींवरची प्रथिनं मोजणारी फ्लो सायटोमेट्री) आधी उरकून घ्या.

आता टी पेशींना हात लावण्याआधी मी प्रत्येक व्हायलमधल्या (गोठवलेल्या कुपीतल्या) थोड्या एमएससींना इंटरफेरॉन देते आणि वरच्या मीडियममध्ये एर्लिक रिएजंट घालून बघते. कायन्युरेनिन असेल तर वेल, म्हणजे प्लेटमधला खळगा, पिवळी होते. शेजारी इंटरफेरॉन न दिलेली वेल असतेच. दोन्ही सारख्याच फिकट दिसल्या, तर त्या आठवड्यात टी पेशींसाठी रक्तदात्याला फोन करत नाही.