काळ्या रंगाची बाटली आधी दूर ठेवा: दगडी भिंती आणि रस्ते रंगवताना या चुका टाळा

मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर, म्हणजे टेबलावर मांडलेल्या छोट्या रेल्वेच्या देखाव्यावर, रूळ सरळ बसलेले असतात, इंजिनावर जीव ओतलेला असतो, आणि मागची दगडी भिंत मात्र कोणी शाईची दौत उपडी केल्यासारखी दिसते. किती लेआउट पाहिले, भिंत तीच!

याचं मूळ काळ्या वॉशमध्ये आहे. काळा रंग पाण्यात पातळ करून भिंतीवर सोडला की दरजांमध्ये सावली दिसते, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं ऐकायला कोणाला वेळ नसतो. प्लास्टरची भिंत कोरी असेल, तिच्यावर प्रायमरचा किंवा रंगाचा एकही हात नसेल, तर ती ते पाणी जागच्या जागी शोषून घेते. दरजेकडे वाहायचा रंग दगडाच्या तोंडावरच मुरतो, आणि प्लास्टरमध्ये मुरलेला काळा पुन्हा निघत नाही.

एका मित्राने प्रदर्शनाच्या आदल्या रात्री लांबलचक संरक्षक भिंत अशीच उरकली. भिंत लेआउटवर आधीच उभी चिकटवलेली, त्यामुळे वॉश ओघळून तळाशी साचला. तो पट्टा लपवायला वरून आणखी एक हात. मग हेअर ड्रायर. वरचा थर सुकला, आतलं प्लास्टर ओलंच, आणि त्यावर लगेच मॅट व्हार्निशचा फवारा. सकाळी भिंतभर दुधाळ डाग. शेवटी पुढे दाट झुडपं लावून वेळ मारून नेली. प्रेक्षकांनी झुडपांचं कौतुक केलं, हा भाग वेगळा.

मी भिंत बसवण्याआधीच रंगवतो, टेबलावर आडवी ठेवून. पहिला हात फिकट राखाडी. हा दरजांचा रंग, कारण खऱ्या भिंतीत दगडांमधला चुना बऱ्याचदा दगडापेक्षा उजळ असतो. तो रात्रभर सुकू द्यायचा, ड्रायर कपाटात. दुसऱ्या दिवशी दगडांच्या तोंडावर दगडाच्या रंगाचा जवळजवळ कोरडा ब्रश फिरवायचा. वॉश सर्वांत शेवटी, तोही बर्न्ट अंबर या गडद तपकिरीमध्ये किंचित अल्ट्रामरीन निळा मिसळून. त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकला की पाणी थेंबाथेंबाने न थांबता दरजेत उतरतं. साचलेलं ब्रशच्या कोरड्या टोकाने टिपून घ्यायचं. ‘दहा मिनिटांत दगडी भिंत’ हवी असेल तर छापील कागद चिकटवा, तो निदान प्रामाणिक दिसेल.

प्रत्येक दगडाला वेगळा रंग देऊ नका. दहांतला एखादा थोड्या वेगळ्या छटेचा पुरतो.

फोमच्या भिंतीवर थेट स्प्रे कॅन मारू नका. त्यातलं सॉल्व्हंट फोम खातं.

काजळीचंही तेच. वाफेच्या इंजिनांचा काळ दाखवायचा असेल तर बोगद्याच्या कमानीचा माथा काळवंडलेला हवा, तोही बरोबर रुळांच्या वर. सगळी दर्शनी भिंत नव्हे. पाण्याचे डाग निचऱ्याच्या भोकांखाली, उभे.

आता रस्ता. डांबर काळं असतं, हे आपण लहानपणी चित्रं रंगवताना शिकलो आणि तिथेच थांबलो. नवा रस्ता काळा असतो. पुढे उन्हाने विटतो, वरचं डांबर झिजून खडी उघडी पडते आणि तो राखाडी होतो. त्यात छोट्या मॉडेलवर गडद रंग आणखी गडद भासतो. म्हणून डोळ्यांना बरोबर वाटतो त्याहून एक छटा उजळ राखाडी घ्या. काळपटपणा दोन ठिकाणी ठेवा: लेनच्या मध्यावर, जिथे गाड्यांचं तेल ठिबकतं, आणि नव्या ठिगळांवर.

भेगा आणि पट्टे काढताना पट्टी हातात घ्या. एचओ या मॉडेल रेल्वेच्या मापात १ म्हणजे प्रत्यक्षातले ८७ (१:८७). पेनाने काढलेली १ मिमी जाड भेग प्रत्यक्षात ८.७ सेंमी झाली. सायकलचं चाक आरामात अडकेल! मी टोकदार पेन्सिल वापरतो. १० सेंमीचा पांढरा पट्टा या मापात जेमतेम १.१५ मिमी येतो, लोक मात्र तीन मिमीचे ओढतात. पट्ट्याच्या दोन्ही कडांना लावलेल्या टेपखाली रंग झिरपतो अशी तक्रार असेल तर टेप लावल्यावर कडेवर आधी रस्त्याचाच राखाडी फिरवा. जो झिरपायचा तो हा राखाडी झिरपेल. तो सुकला की पट्ट्याचा रंग द्या, शुभ्र नव्हे, मळका. मग चाकं जातात तिथे बारीक सँडपेपरने थोडा खरवडून टाका.

फाटकापाशी रस्ता रंगवताना रुळांच्या माथ्यावर रंग येणारच. तो ओला असतानाच पुसा. सुकलेला रंग रुळांतून इंजिनाला मिळणारी वीज अडवतो. नंतर इंजिन नेमकं फाटकावर अडतं, आणि लोक आधी त्याची मोटर उघडून बसतात.