जुना चित्रपट कंटाळवाणा वाटला? आधी या चुका होत नाहीत ना ते बघा

‘एवढा नावाजलेला म्हणून लावला, पण अर्ध्या तासात बंद केला.’ जुन्या चित्रपटांबद्दलची ही तक्रार ठाण्यात, ऐरोलीत, वाशीत कुठल्याही घरात ऐकू येते. एखादा चित्रपट न आवडणं यात वावगं काही नाही. पण कितीतरी वेळा तक्रार करणाऱ्यापर्यंत तो चित्रपट पोचलेलाच नसतो. ताणलेलं चित्र, गुळगुळीत केलेले चेहरे आणि दबलेला आवाज एवढंच त्याच्या वाट्याला आलेलं असतं. यातल्या बऱ्याच चुका रिमोटवर पाच मिनिटांत सुधारतात.

काळ्या पट्ट्या घालवण्याचा हट्ट

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या की घरातलं कुणीतरी रिमोट उचलतं आणि चित्र पडदाभर पसरवतं. पण १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंतचे आपले जवळपास सगळे बोलपट १.३७:१ या आकारात, म्हणजे चौकोनाच्या जवळ जाणाऱ्या चौकटीत चित्रित झाले. आजचा टीव्ही १.७८:१ असतो. चित्र ताणलं की माणसं बुटकी, जाडी दिसतात. झूम केलं तर वरून-खालून मिळून चित्राचा जवळजवळ चौथा हिस्सा जातो. तमाशापटात नेमके चाळ बांधलेले पाय गेले, तर नाच उरतो कुठे?

लांबट चित्रपटांचं उलट होतं. गुरुदत्तांचा १९५९चा ‘कागज के फूल’ हा भारतातला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे खूप रुंद चौकटीचा चित्रपट. रिकाम्या स्टुडिओतला अंधार आणि त्यातून उतरणारा प्रकाशाचा झोत छायालेखक व्ही. के. मूर्तींनी त्या रुंद चौकटीसाठी रचला होता. वर-खालच्या पट्ट्या नकोत म्हणून चित्र झूम केलंत, तर दोन टोकांना उभी असलेली माणसं कडेला कापली जातात. त्या दोघांमधलं रिकामं अंतर बघायचं होतं, तेच हातचं जातं.

उपाय सोपा आहे. टीव्हीच्या चित्र-आकाराच्या सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल’ निवडा. एलजीवर ‘जस्ट स्कॅन’ आणि सॅमसंगवर ‘फिट टू स्क्रीन’ चालू केलं की कडाही कापल्या जात नाहीत. कधी कधी प्रतच कापलेली असते. ते ओळखायला श्रेयनामावली बघा. कडेची अक्षरं अर्धवट दिसली किंवा माथ्यावरची ओळ छाटलेली दिसली, तर ती प्रत सोडा आणि दुसरी शोधा. रिमोटने ती दुरुस्त होणार नाही.

दुकानातल्या सेटिंगवरच टीव्ही ठेवणं

नव्या टीव्हीवर कधी कधी ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ लावलेलं असतं. शोरूमच्या झगमगाटात उठून दिसावा म्हणून ही सोय असते. घरी त्याच सेटिंगमुळे कृष्णधवल चित्र निळसर होतं आणि चेहऱ्यावरच्या मधल्या छटा पुसल्या जातात. त्यापेक्षा ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर मोड’ लावा. पहिल्या दिवशी चित्र पिवळसर वाटेल, दोन-तीन चित्रपटांत डोळ्यांना सवय होते.

चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी, म्हणजे २४ स्थिर चित्रांनी चालतो. टीव्ही त्यांच्या मधे स्वतःच्या चौकटी घुसवतो आणि मग भव्य सेटवरचा प्रसंग संध्याकाळच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. एलजीचं ‘ट्रूमोशन’, सोनीचं ‘मोशनफ्लो’, सॅमसंगचं ‘ऑटो मोशन प्लस’ बंद करा. नॉइज रिडक्शनही बंद करा. फिल्मचे बारीक दाणे हा चित्राचाच पोत असतो. ते पुसायला गेलं की सुरकुत्या, केसांची बट, साडीचं विणकाम, सगळं मेणासारखं सपाट होतं. आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही: बऱ्याच टीव्हींवर ही सेटिंग प्रत्येक इनपुटला वेगळी असतात. ॲपसाठी बदललीत म्हणून डिस्क प्लेअरसाठी बदलली असं समजू नका.

मूकपटांचं गणित निराळं. दादासाहेब फाळके यांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला साधारण १६ ते १८ चौकटी. तीच रिळं २४च्या वेगाने दाखवली की माणसं तुरुतुरु धावतात, आणि ‘राजा हरिश्चंद्र’सारखा १९१३चा गंभीर चित्रपटही लोकांना हास्यास्पद वाटतो. यूट्यूबवर चाल अशी घाईची दिसली, तर वेग ०.७५ करून बघा. २४चे १८ होतात आणि माणसं माणसांसारखी चालायला लागतात.

आवाज

जुन्या चित्रपटांचा मूळ आवाज बहुतेक मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा. साउंडबारचा ‘सराउंड’ त्यावर लादू नका. डिस्कमध्ये मोनो आणि ५.१ (सराउंड) असे दोन पर्याय असतील तर आधी मोनो घ्या, कारण ५.१ करताना कधी कधी नवे परिणाम वरून चढवलेले असतात. संवाद कुजबुजल्यासारखे आणि पार्श्वसंगीत कानठळ्या बसवणारं वाटत असेल, तर प्लेअरचा आवाज ‘पीसीएम स्टीरिओ’वर, म्हणजे साध्या दोन वाहिन्यांवर ठेवून पाहा.

‘४के’ लिहिलंय म्हणजे झालं, असं मानणं

‘४के’ हा शब्द पोस्टरवर छापायला सोपा आहे. तो वाचून हुरळून जाण्याआधी दोन गोष्टी शोधा: स्कॅन कशावरून केलं, आणि रंग कुणाच्या देखरेखीखाली ठरवले. ‘मंथन’चं उदाहरण घ्या. पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये देऊन उभा केलेला हा चित्रपट फिल्म हेरिटेज फाउंडेशनने दुरुस्त केला. त्यासाठी मूळ कॅमेरा निगेटिव्ह वापरलं आणि छायालेखक गोविंद निहलानी यांची देखरेख होती. २०२४ मध्ये तो कान महोत्सवात आणि मग आपल्या थिएटरांत दिसला. अशी माहिती जिथे उघडपणे दिलेली असते, तिथे तिकिटाचे पैसे निर्धास्त खर्च करावेत.

एकाच चित्रपटाच्या दोन प्रती वेगळ्या असू शकतात, हेही लक्षात ठेवा. १९७५च्या ‘शोले’चा शेवट सेन्सॉरमुळे बदलावा लागला होता. ठाकूर गब्बरला संपवतो तो मूळ शेवट असलेली दुरुस्त प्रत जून २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्यात आणि डिसेंबरमध्ये भारतात दाखवली गेली. घरातल्या डीव्हीडीवर पोलीस येतात म्हणून डीव्हीडी सदोष ठरत नाही.

लांबी कमी दिसली की लगेच ‘कापलाय’ असं म्हणू नका. पाल या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्रपट २५ चौकटींनी धावतो, त्यामुळे १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो. सहा मिनिटांची ही तूट निर्दोष आहे. वीस मिनिटं गायब असतील तर मात्र शंका घ्या आणि आधी गाणी मोजा.

आणि काही चित्रपटांची चांगली प्रत आता मिळणारच नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्याला नायट्रेट या चटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मच्या साठ्याला आग लागली, त्यात प्रभातच्या चित्रपटांचा मूळ ठेवाही गेला. अशा चित्रपटात ओरखडे, उड्या, खरखर असणारच. ते सोसून पाहावं. तेवढंच उरलं आहे, आणि तेही मोलाचं आहे.

परदेशी डिस्क

डिस्क कुठल्या देशांत चालावी, हे तिच्यावरचा विभाग (रीजन) ठरवतो. भारताचा डीव्हीडी विभाग ५, ब्लू-रे विभाग सी. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून मागवलेली ब्लू-रे विभाग ए ची असेल तर इथला प्लेअर ती नाकारू शकतो, म्हणून आधी डबीची मागची बाजू वाचायला सांगा. ४के अल्ट्रा एचडी डिस्कला विभागाची अडचण नसते. खाडीकाठच्या दमट हवेत डिस्क उभ्या, कोरड्या कपाटात ठेवा. पुसताना मऊ कापड मधून कडेकडे न्या, गोल गोल फिरवू नका.

‘पुढच्या आठवड्यात जाऊ’

मोठ्या पडद्यावर पुन्हा येणारा चित्रपट वाट बघत नाही. राज कपूर यांच्या जन्मशताब्दीचे खेळ १३ ते १५ डिसेंबर २०२४, फक्त तीन दिवस होते. तिकीट १०० रुपये. देव आनंद यांच्या शताब्दीचे सप्टेंबर २०२३ मधले खेळ दोनच दिवसांचे. तेव्हा जाहिरात दिसताच तारीख धरा. खेळ बहुतेक शनिवार-रविवारी असतात आणि रविवारी मेगाब्लॉक. चित्रपट कुलाब्याला रिगलमध्ये असेल तर ठाण्याहून निघण्याआधी मध्य रेल्वेचं, नेरुळ-वाशीहून निघण्याआधी हार्बरचं वेळापत्रक बघा. जुन्या चित्रपटाची पहिली दहा मिनिटं चुकवू नयेत, साऱ्या नात्यांची ओळख तिथेच होते.

सवयीने शेवटची रांग घेऊ नका. १.३७:१चं चित्र स्कोपच्या (सिनेमास्कोपसारख्या रुंद) पडद्यावर जेमतेम सत्तावन्न टक्के रुंदी व्यापतं, म्हणून अशा चित्रपटाला मधल्या रांगेत, थोडं पुढेच बसावं.

चित्र सुरू झाल्यावर डोकी कापलेली दिसली तर गप्प बसू नका. अशा चित्रपटाची डिजिटल प्रत ‘फ्लॅट’, म्हणजे कमी रुंद चौकटीच्या सेटिंगवर दाखवायची असते. प्रोजेक्टर ‘स्कोप’वर राहिला तर वर-खालचा भाग पडद्याबाहेर पडतो. दारावरच्या कर्मचाऱ्याला ड्यूटी मॅनेजरला बोलवायला सांगा आणि ‘सेटिंग फ्लॅटवर घ्या’ एवढंच स्पष्ट शब्दांत सांगा. पहिल्या पाच मिनिटांत सांगितलंत तर खेळ पुन्हा सुरुवातीपासून लावा, असंही म्हणता येतं.