उमेदवाराच्या निवडणूक खर्चाचा हिशेब कसा तपासावा

निवडणूक प्रचाराचा खर्च सरकारने उचलावा की नाही, ही चर्चा आपल्याकडे जुनी आहे. इंद्रजित गुप्ता समितीने १९९८ मध्ये मान्यताप्राप्त पक्षांना रोख रकमेऐवजी वस्तू आणि सेवांच्या रूपाने मदत द्यावी, अशी शिफारस केली. अशी थोडी मदत आजही मिळते: या पक्षांच्या उमेदवारांना मतदार याद्या मोफत दिल्या जातात, दूरदर्शन व आकाशवाणीवर पक्षांना विनामूल्य वेळ असतो आणि पक्षांच्या उत्पन्नाला अटींसह प्राप्तिकरातून सूट आहे. करदात्याचा पैसा प्रचारात आधीच आहे. तो वाढवावा की नाही हे ठरवण्यापूर्वी खासगी पैशाचा हिशेब कसा दिला जातो, हे प्रत्येक मतदाराने एकदा तरी स्वतः पाहावे, असे मला मनापासून वाटते. नागपूरकरांना त्यासाठी दिल्ली-मुंबईला जावे लागत नाही.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ नुसार उमेदवाराने नामनिर्देशनाच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतच्या, दोन्ही दिवस धरून, सर्व खर्चाचा स्वतंत्र हिशेब ठेवायचा असतो आणि निकालानंतर ३० दिवसांच्या आत तो जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे, सादर करायचा असतो. त्यामुळे जिल्ह्यातील बाराही विधानसभा मतदारसंघांचे हिशेब सिव्हिल लाइन्समधील जिल्हाधिकारी कार्यालयातच येतात. हिशेब दाखल झाला की तो कोठे आणि कोणत्या वेळी पाहता येईल, याची सूचना दोन दिवसांत फलकावर लावावी लागते. कोणतीही व्यक्ती १ रुपया शुल्क भरून तो पाहू शकते आणि ठरवलेले शुल्क भरून साक्षांकित प्रती घेऊ शकते. हा हक्क निवडणूक संचालन नियम, १९६१ मध्ये आहे. अर्जात त्याचा उल्लेख करावा, म्हणजे माहिती अधिकाराचा लांबचा मार्ग धरावा लागत नाही.

हिशेब हातात आला की एकूण रकमेकडे सर्वांत शेवटी पाहावे. २०२२ पासून महाराष्ट्रात खर्चाची मर्यादा लोकसभेसाठी ९५ लाख आणि विधानसभेसाठी ४० लाख रुपये आहे, आणि मर्यादेच्या आतला आकडा लिहिणे फारसे अवघड नसते. खरी माहिती दैनंदिन नोंदवहीत असते. ती तीन भागांत ठेवली जाते: रोजचा खर्च पांढऱ्या पानांवर, रोकड गुलाबी पानांवर आणि बँकेचे व्यवहार पिवळ्या पानांवर. उमेदवाराने निवडणूक खर्चासाठी वेगळे बँक खाते उघडलेले असते आणि संपूर्ण निवडणुकीत एका व्यक्तीला १०,००० रुपयांपेक्षा अधिक रक्कम रोख देता येत नाही. म्हणून एकाच मंडपवाल्याचे नाव गुलाबी पानांवर वारंवार दिसत असेल, तर त्याच्या रकमांची बेरीज करावी. पैसा स्वतःचा किती, पक्षाचा किती आणि इतरांनी दिलेला किती, हेही सारांशपत्रात नोंदवलेले असते.

त्यानंतर डोळ्यांनी पाहिलेला प्रचार आठवावा. नागपुरात २०२४ ची लोकसभेची निवडणूक १९ एप्रिलला झाली. त्या उन्हात सभा म्हटली की मंडप, कूलर, पाण्याचे जार आणि खुर्च्या आल्याच. अशा प्रत्येक वस्तूचा दर प्रशासनाने निवडणुकीपूर्वी जाहीर केलेला असतो. ते दरपत्रक मागून घ्यावे आणि आपल्या प्रभागातल्या एखाद्याच सभेचा हिशेब त्याच्याशी पडताळावा; सगळे तपासायला गेले की काहीच नीट तपासून होत नाही. प्रशासनाची भरारी पथके व व्हिडिओ पथके जे पाहतात, त्यावरून एक समांतर नोंदवही तयार होते, तिलाच शॅडो रजिस्टर म्हणतात. प्रचारकाळात खर्च निरीक्षक उमेदवाराचा हिशेब किमान तीनदा तिच्याशी ताडून पाहतात. त्या तपासणीतील तफावतीचे शेरे सर्वांत उपयोगी पडतात.

एक गोष्ट मात्र हिशेबात सापडणार नाही. स्टार प्रचारकांचा प्रवासखर्च उमेदवाराच्या खात्यात धरला जात नाही. कस्तुरचंद पार्कवर मोठ्या नेत्याची सभा झाली आणि उमेदवार मंचावर बसला किंवा त्याचे नाव-छायाचित्र तेथे झळकले, तर सभेचा खर्च त्याच्या नावावर येतो; नेत्याचे विमान मात्र येत नाही. पक्षाच्या सर्वसाधारण प्रचारखर्चाला तर मर्यादाच नाही. माझ्या मते सरकारी निधीच्या चर्चेतला सर्वांत मोठा अडथळा हाच आहे, कारण वरचे झाकण उघडे असताना त्यात सार्वजनिक पैसा ओतल्याने खासगी पैसा कमी होण्याची कोणतीही हमी मिळत नाही.

गंभीर तफावत आढळली, तर जिल्हा निवडणूक अधिकारी आणि निवडणूक आयोग यांच्याकडे प्रती जोडून लेखी तक्रार करावी. भोकर मतदारसंघातील २००९ च्या निवडणुकीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये, हिशेब खरा आहे की नाही याची चौकशी आयोग करू शकतो, असे स्पष्ट केले आहे. हिशेब विहित रीतीने न दिल्यास उमेदवार तीन वर्षांसाठी अपात्र ठरू शकतो. निवडून आलेल्या उमेदवाराने मर्यादा ओलांडल्याचा आरोप असेल, तर त्या मतदारसंघातील मतदाराला उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करता येते, परंतु तिची मुदत निकालापासून ४५ दिवसांची आहे. हिशेब तिसाव्या दिवशी आला, तर हाती फक्त १५ दिवस उरतात. विधानसभेचा निकाल २३ नोव्हेंबर २०२४ रोजी लागला, तेव्हा हिशेबाची मुदत २३ डिसेंबरला आणि याचिकेची ७ जानेवारीला संपली. म्हणून प्रतींसाठीचा अर्ज आधीच लिहून तयार ठेवावा, आणि हिशेब दाखल झाल्याची सूचना लागताच त्याच दिवशी तो देऊन पोच घ्यावी.