बीटा-ग्लोबिन तपासणीचा अहवाल कोणत्या क्रमाने वाचावा

प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनच्या रेणूत दोन अल्फा आणि दोन बीटा अशा चार साखळ्या असतात. बीटा साखळी ज्या जनुकावरून तयार होते ते एचबीबी जनुक अकराव्या गुणसूत्रावर असून आकाराने अगदी लहान, जेमतेम सोळाशे बेस-जोड्यांचे आहे. तरीही सिकलसेल (तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणे) आणि बीटा थॅलेसेमिया (बीटा साखळी अपुरी बनणे) हे दोन्ही आजार त्यातल्याच बदलांमुळे उद्भवतात. महाराष्ट्रात विदर्भ आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेलचे, तर सिंधी व लोहाणा समाजांत बीटा थॅलेसेमियाचे वाहक तुलनेने अधिक आढळतात. वाहक म्हणजे जनुकाच्या दोनपैकी एकाच प्रतीत दोष असलेली, स्वतः सहसा आजारी नसणारी व्यक्ती. लग्नापूर्वी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीला केलेल्या तपासणीचा अहवाल कसा वाचावा, एवढ्यापुरतेच हे लेखन आहे; निदान डॉक्टरांनीच करावयाचे असते.

वाचन सीबीसीपासून, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या मोजणीपासून, सुरू करावे. हिमोग्लोबिनचा आकडा चांगला आहे म्हणून अहवाल बाजूला ठेवण्याची घाई करू नये, कारण थॅलेसेमियाच्या वाहकाचे हिमोग्लोबिन पुष्कळदा सामान्य किंवा किंचितच कमी असते. खरी नजर एमसीव्ही (तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान) आणि एमसीएच (एका पेशीतले सरासरी हिमोग्लोबिन) यांवर हवी: एमसीव्ही ८० फेम्टोलिटरच्या खाली किंवा एमसीएच २७ पिकोग्रॅमच्या खाली असेल, तर पुढे जाणे भाग आहे. हिमोग्लोबिन ११.२, तांबड्या पेशी ५८ लाख आणि एमसीव्ही ६३ असे आकडे एकत्र दिसले, तर पेशी लहान असूनही संख्येने भरपूर आहेत असा त्याचा अर्थ होतो आणि थॅलेसेमियाच्या वाहकपणाची शंका बळावते. निव्वळ लोहाच्या कमतरतेत पेशींची संख्या सहसा घटलेली असते. ही केवळ शंका असते, पुरावा नव्हे. सिकलसेलच्या वाहकाचा सीबीसी मात्र पूर्णपणे सामान्य असू शकतो, त्यामुळे ज्या कुटुंबात किंवा गावात सिकल आहे तिथे केवळ सीबीसीवर थांबणे चुकीचे आहे.

त्यानंतर एचपीएलसीचा, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीचा, तक्ता घ्यावा. रुग्णाला मागील तीन महिन्यांत रक्त चढवले असेल, तर तक्त्यात रक्तदात्याचे हिमोग्लोबिनही मोजले गेलेले असते. अशा वेळी तो ग्राह्य धरू नये. एरवी प्रथम ए-टू, म्हणजे बीटाऐवजी डेल्टा साखळी असलेले हिमोग्लोबिन, पाहावे. एमसीव्ही कमी आणि ए-टू ४ टक्के किंवा त्याहून अधिक असेल, तर व्यक्ती बीटा थॅलेसेमियाची वाहक असल्याचे बहुतांशी निश्चित होते. अडचण येते ती ३.३ ते ३.९ या पट्ट्यात. लोहाची तीव्र कमतरता ए-टू खाली ओढते, बी-१२ची कमतरता ते वर ढकलू शकते, आणि ए-टूमधली डेल्टा साखळी बनवणाऱ्या शेजारच्या जनुकातच दोष असेल, तर बीटाचा वाहक असूनही आकडा सामान्य दिसतो. कमतरता भरून काढून तपासणी पुन्हा करणे हा सर्वसाधारण मार्ग आहे. स्त्री गरोदर असेल, तर मात्र तेवढी वाट पाहू नये. पतीची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्यावी आणि तोही वाहक निघाल्यास दोघांची जनुक तपासणी करावी. ए-टूच्या रकान्यात २५ ते ३० टक्के असा भलताच मोठा आकडा दिसल्यास ते बहुधा हिमोग्लोबिन ई (बीटा साखळीतल्या आणखी एका बदलाचे हिमोग्लोबिन) असते, जे त्याच ठिकाणी उमटते.

एसच्या (सिकल हिमोग्लोबिनच्या) रकान्यात साधारण ३० ते ४० टक्के आणि ए (प्रौढांचे सामान्य हिमोग्लोबिन) त्याहून जास्त, हे सिकल वाहकाचे, म्हणजे बोलण्यातल्या ‘एएस पॅटर्न’चे चित्र आहे. एस बरेच आणि ए जवळपास नाहीच, असे असल्यास तो एसएस (जनुकाच्या दोन्ही प्रतींत सिकलचा बदल) असू शकतो किंवा सिकल-बीटा थॅलेसेमिया (एका प्रतीत सिकल, दुसरीत थॅलेसेमिया) असू शकतो. हा फरक आई-वडिलांचे अहवाल शेजारी ठेवूनच नीट उलगडतो. सोल्युबिलिटी चाचणी केवळ एस आहे की नाही एवढेच सांगते, वाहक आणि रुग्ण यांत भेद करत नाही. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी होते. तिथली प्राथमिक चाचणी सकारात्मक आली, तरी पक्क्या तपासणीचा कागद मागून घ्यावा.

एकट्याचा अहवाल जोडप्यासाठी अर्धाच असतो. दोघेही थॅलेसेमियाचे वाहक, दोघेही सिकलचे वाहक, किंवा एक सिकलचा आणि दुसरा थॅलेसेमियाचा, या तिन्ही जोड्यांत प्रत्येक गर्भधारणेत बाळ आजारी असण्याची शक्यता २५ टक्के असते. ‘आमच्यात थॅलेसेमिया नाही, फक्त सिकल आहे’ असे म्हणून निश्चिंत होणारे कुटुंब तिसऱ्या जोडीकडे दुर्लक्ष करत असते. सिकलच्या वाहकाचा जोडीदार हिमोग्लोबिन डी-पंजाब या दुसऱ्या बदललेल्या प्रकाराचा वाहक असल्यासही आजारी बाळाचा धोका राहतो.

जनुक तपासणीचा कागद गोंधळात टाकतो तो नावांमुळे. सिकलचा बदल जुन्या पद्धतीत सहाव्या स्थानी, तर नव्या पद्धतीत सातव्या स्थानी लिहिला जातो, कारण नवी मोजणी साखळीच्या आरंभीचे मेथिओनिन हे अमिनो आम्लही धरते. दोन प्रयोगशाळांचे असे दोन कागद म्हणजे दोन दोष नव्हेत. भारतात थॅलेसेमियाचा सर्वाधिक आढळणारा बदल ‘आयव्हीएस १-५ जी>सी’ या नावाने येतो. सिंधी कुटुंबांत ६१९ बेसचा तुकडाच गळालेला असण्याची शक्यता असते, आणि नेहमीच्या सिक्वेन्सिंगमध्ये (जनुकातले बेस क्रमाने वाचण्यात) तो निसटू शकतो. म्हणून ए-टू वाढलेले असूनही ‘बदल आढळला नाही’ असा निष्कर्ष आल्यास, या गळतीसाठी गॅप-पीसीआर केली होती का, हे प्रयोगशाळेला लेखी विचारावे. गर्भाच्या तपासणीसाठी साधारण ११ ते १३ आठवड्यांच्या दरम्यान वारेचा नमुना घेतात आणि त्यात नेमके काय शोधायचे हे आधी ठाऊक असावे लागते, म्हणून दोन्ही पालकांच्या जनुक तपासणीचे कागद त्यापूर्वीच हाती असले पाहिजेत.