वजनकाटा नसताना पास्ता वाटीने मोजण्याची रीत

मॅकरोनीची पाकिटे आता आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांतल्या किराणा दुकानांतही मिळतात. परंतु पाककृतीत कधी '२०० ग्रॅम' तर कधी 'दोन कप' असे लिहिलेले असते, आणि बहुतेक घरांत ना काटा असतो, ना मापाचा कप. अशा वेळी तांदळाच्या अंदाजाने पास्ता मोजू नये. शाळेच्या कार्यक्रमासाठी ४० मुलांची मॅकरोनी करताना मी तेच केले होते. दरडोई ५० ग्रॅमप्रमाणे दोन किलो हवी होती, आणि तांदळाची वाटी १२० ग्रॅमची म्हणून मी १७ वाट्या मोजून घेतल्या. प्रत्यक्षात ती जेमतेम अकराशे ग्रॅम भरली आणि शेवटच्या रांगेतल्या मुलांना अर्धी ताटलीच वाढता आली, याचे मला आजही वाईट वाटते.

चूक कोठे झाली, हे वाटीत नीट पाहिले की कळते. तांदळाचे दाणे एकमेकांना चिकटून बसतात. मॅकरोनीचे तुकडे मात्र आतून पोकळ आणि बाहेरून वाकडे असल्यामुळे वाटीतली निम्म्याहून अधिक जागा हवेनेच भरलेली असते. म्हणूनच २४० मिलिलिटरच्या कपात तांदूळ १९० ग्रॅमच्या आसपास मावतो, तर मॅकरोनी साधारण १०५ ग्रॅम, तिरप्या टोकांच्या नळ्यांची पेने ९५ आणि पिळाची फुसिली ८० ग्रॅमच्या जवळपास. आकार बदलला की आकडाही बदलतो.

सर्वांत भरवशाची रीत म्हणजे पाकिटावर छापलेल्या वजनालाच आपला काटा मानणे. ५०० ग्रॅमचे नवे पाकीट परातीत ओतावे, रोजच्या वापरातली एकच वाटी घ्यावी, ती न दाबता भरून एकदाच ओट्यावर हलकेच आपटावी, वरचा ढीग हाताने सपाट करावा आणि किती वाट्या होतात ते मोजावे. आमच्या घरच्या वाटीने मॅकरोनीच्या साडेसात वाट्या होतात, म्हणजे एका वाटीत सुमारे ६६ ग्रॅम. त्या हिशेबाने दोन किलोसाठी ३० वाट्या लागतात. पाककृती कपात असेल, तर एक लिटर पाणी वाटीने मोजून पाहावे. साडेसहा ते सात वाट्या भरल्या तर वाटी १५० मिलिलिटरच्या आसपासची आहे, आणि २४० मिलिलिटरचा एक कप म्हणजे तिच्या साधारण दीड वाटीहून थोडे अधिक.

स्पॅगेटी वाटीने मोजता येत नाही. ५०० ग्रॅमच्या पाकिटातल्या काड्या ताटात पसरून त्यांच्या पाच सारख्या जुड्या केल्या, की प्रत्येक जुडी १०० ग्रॅमची होते.

पाककृतीतला कप कोरड्या पास्त्याचा आहे की शिजवलेल्या, हे आधी नक्की करावे. मॅकरोनी शिजल्यावर जवळजवळ दुप्पट होते. त्यामुळे शिजवलेले दोन कप हवे असतील तर कोरडी एकच कप पुरते.

उन्हाळ्यात गव्हाच्या पिठाच्या, काडीवर वळून वाळवलेल्या सरगुंड्यांनाही हीच रीत लागू पडते, मात्र प्रत्येक घरची काडी वेगळ्या जाडीची असल्याने तिथे दुसऱ्याचा आकडा चालत नाही. किराणा दुकानदाराच्या काट्यावर एकदा अर्धा किलो सरगुंडे तोलून घ्यावेत, आपल्या वाटीने मोजावेत, आणि आलेला आकडा कागदाच्या पट्टीवर लिहून ती पट्टी डब्याच्या आत, झाकणाला चिकटवून ठेवावी.